श्रद्धा आधी की खून आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. जपानमधील ओम शिन्रिक्यो या पंथावरील लेखात मी असे म्हटले होते की, टोकाची श्रद्धा एकटी माणसाला खुनी बनवत नाही. त्यावर आपला आक्षेप असा आहे की, हे मारेकऱ्यांना परिस्थितीचे बळी ठरवणे झाले. त्यांच्या डोक्यातला विचारच विषारी होता, त्यावर वेळीच बंदी घातली असती तर पुढचे काही घडले नसते, आणि समजून घेण्याच्या नावाखाली मी त्यांना पाठीशी घालतो आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबणार आहे.

२० मार्च १९९५ रोजी सकाळी आठच्या सुमारास टोकियोच्या भुयारी रेल्वेत पंथाच्या पाच जणांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या छत्रीच्या अणकुचीदार टोकाने फोडल्या आणि डब्यांत सारिन हा विषारी वायू पसरला. मृतांची संख्या आज १४ आहे. त्यांतील एक स्त्री तब्बल २५ वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि २०२० साली गेली. हे कृत्य कोणत्याही कारणाने क्षम्य ठरते असे मी लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही.

आता मूळ मुद्दा. शोको असाहारा हा पंथप्रमुख ‘पोवा’ नावाच्या कल्पनेवर प्रवचने देत असे. तिबेटी बौद्ध परंपरेत मरणाऱ्याची जाणीव वरच्या लोकी नेण्याच्या विधीला हे नाव आहे. असाहाराने त्याचा अर्थ असा फिरवला की, पापे साठवणाऱ्या माणसाला सिद्ध पुरुषाने मारले तर ते मारणे हे त्या माणसाचेच कल्याण असते. याहून विषारी शिकवण शोधूनही सापडणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु ती शिकवण जपानमधील सुमारे १०,००० अनुयायांपर्यंत पोहोचली होती. त्यांतले बहुसंख्य लोक योगासने करत होते, देणग्या देत होते, जगबुडीची वाट पाहत होते. आणि आपला पंथ सारिन तयार करतो आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. हजारोंनी ऐकलेली शिकवण काही डझन माणसांच्या हातूनच खून करवते, तेव्हा त्या काही डझनांभोवती आणखी काय होते हे विचारावेच लागते.

त्याचे उत्तर घटनांच्या क्रमात आहे. १९८८ साली पंथाच्या आवारात कठोर साधनेच्या नावाखाली छळला गेलेला एक अनुयायी मरण पावला. तो खून करायचा म्हणून केलेला नव्हता. परंतु पंथाला तेव्हा अधिकृत धार्मिक संस्था म्हणून मान्यता हवी होती, म्हणून प्रेत गुपचूप जाळण्यात आले. हे पाहिलेला एक तरुण पुढे पंथ सोडून जाऊ लागला, तेव्हा तो बाहेर जाऊन बोलेल या भीतीने १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला ठार मारण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली. नोव्हेंबरमध्ये त्सुत्सुमी साकामोतो हे वकील, त्यांची पत्नी आणि जेमतेम वर्षाचा मुलगा यांना त्यांच्याच घरात मारण्यात आले, कारण साकामोतो अनुयायांच्या आईवडिलांच्या वतीने पंथाविरुद्ध उभे होते. मारेकऱ्यांत एक डॉक्टर होता.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९० च्या संसदीय निवडणुकीत असाहारासह पंथाचे सर्व २५ उमेदवार पडले आणि त्या अपमानातून पंथ हिंसेकडे वळला, असे अनेकदा लिहिले जाते. पण निवडणूक होण्याआधीच पाच जीव गेले होते. पहिला मृत्यू लपवण्यासाठी दुसरा खून झाला, आणि मग प्रत्येक खुनाला ‘पोवा’चे नाव देऊन तो पुण्यकर्मात जमा करण्यात आला. बीज प्रवचनांत आधीपासून होते यात शंका नाही. पण ते रुजले ते हाताला रक्त लागल्यानंतर, कारण आपण खुनी आहोत हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा आपले गुरू सिद्ध आहेत असे मानणे सोपे होते. टोकियोचा हल्लाही याच माळेतला आहे. पोलिसांचे छापे येऊ घातल्याची कुणकुण पंथाला लागली होती. म्हणून ज्या गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या कासुमिगासेकी भागाकडे जातात, नेमक्या त्याच निवडल्या गेल्या. दोनच दिवसांनी छापे पडले.

आपण लिहिता की सुशिक्षित माणूस अशा थराला जाऊच शकत नाही, तो मुळातच विकृत असला पाहिजे. टोकियोत पिशव्या फोडणाऱ्या पाच जणांपैकी एक, इकुओ हायाशी, हे केइओ विद्यापीठातून शिकलेले हृदयशल्यविशारद होते. पंथात आल्यावर त्यांच्याकडे पहिल्या दिवशी सारिनची पिशवी दिली गेली नाही. आधी पंथाचा दवाखाना आला, मग गुंगीची औषधे देऊन माणसांची चौकशी करणे आले. प्रत्येक पायरीवर नकार देता आला असता, आणि प्रत्येक पायरीनंतर तो देणे अधिक अवघड झाले, कारण आता नकार म्हणजे कालच्या स्वतःवरच आरोप. हे समजून घेतल्याने हायाशींचा अपराध तसूभरही कमी होत नाही. त्यांना जन्मठेप झाली, फाशी नव्हे, ती त्यांनी सविस्तर कबुली देऊन तपासाला मोठी मदत केली म्हणून.

विकृत माणूस ओळखू येतो या समजुतीची किंमत एका निरपराध माणसाने मोजली आहे. जून १९९४ मध्ये याच पंथाने मात्सुमोतो शहरात सारिन सोडले, तेव्हा पोलीस आणि वर्तमानपत्रे या दोघांनीही संशय घेतला तो आपत्कालीन मदत मागणाऱ्या स्थानिक रहिवाशावर, कारण त्याच्या घरात काही रसायने होती. त्याची स्वतःची पत्नी त्या वायूने कोमात गेली होती.

राहिला बंदीचा प्रश्न. १९९५ साली न्यायालयाने पंथाची धार्मिक संस्था म्हणून असलेली मान्यता काढली. पण विध्वंसक कारवायांविरोधी कायदा लावून पंथावर पूर्ण बंदी घालण्याची मागणी १९९७ साली नामंजूर झाली. त्याऐवजी १९९९ च्या कायद्याने पंथाच्या जागांत शिरून तपासणी करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पंथाचे वारस ‘आलेफ’ या नावाने आजही अस्तित्वात आहेत आणि असाहाराबद्दलची भक्ती तेथून गेलेली नाही. असाहारासह १३ जणांना २०१८ साली फाशी झाली, तरीही नाही. विचार आहे तिथेच आहे. बंद दारांआड प्रेते जाळण्याची सोय मात्र उरलेली नाही, आणि माझ्या मते निर्णायक फरक हाच आहे.

शेवटी आपण विचारता की, मग आईवडिलांनी आणि पोलिसांनी कशावर लक्ष ठेवायचे. साकामोतोंकडे आलेल्या पालकांचे गाऱ्हाणे मुले काय मानतात याबद्दल फारसे नव्हतेच. घर सोडून गेलेल्या मुलामुलींना भेटता येत नाही, त्यांची पुंजी पंथाकडे गेली आहे आणि त्यांना परत यायचे असेल तर येऊ दिले जाईल की नाही हे कळायला मार्ग नाही, हे त्यांचे दुःख होते. धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत हात घालायला यंत्रणा कचरत होती, आणि त्या आईवडिलांचे ऐकून घेणारा वकील होता तो १९८९ च्या नोव्हेंबरपर्यंतच.