कोडॅकची ती चित्रफीत आणि तिच्या आधाराने सांगितला जाणारा संसार

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक चित्रफीत पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘मावशी, हे खरे आहे का?’ तिला ती तिच्या आतेसासूबाईंकडून आली होती. सात महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून भाची त्याच सोमवारी पुन्हा कामावर रुजू झाली होती, तेव्हा ही वेळ योगायोगाने साधली गेली असे मला वाटत नाही. चित्रफितीत अंधाऱ्या खोलीत एक देखणा पुरुष स्लाइड प्रोजेक्टर चालवतो, पडद्यावर त्याच्या पत्नीची आणि मुलांची छायाचित्रे एकामागून एक येतात आणि तो संथ आवाजात बोलत राहतो. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: ही 1960 सालची अमेरिकेतील खरी घटना आहे, या जाहिरात तज्ज्ञाने कोडॅकच्या नव्या प्रोजेक्टरला ‘कॅरूसेल’ हे नाव तिथेच, त्या बैठकीत दिले, ‘नॉस्टॅल्जिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ जुन्या जखमेचे दुखणे असा आहे, त्या काळी एकाच्या पगारात घर चाले, बाई घरी असे, म्हणून संसार टिकत आणि घटस्फोट होत नसत, नोकरीमागे धावणाऱ्या मुलींनी हे अवश्य पाहावे. हाच मजकूर नंतर मला आणखी तीन जणांकडून आला, म्हणून उत्तर एकदाच आणि सविस्तर देते आहे.

ही घटना खरी नाही. ‘मॅड मेन’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वातील शेवटच्या, म्हणजे तेराव्या भागातले हे दृश्य आहे. ‘द व्हील’ नावाचा हा भाग 18 ऑक्टोबर 2007 रोजी एएमसी वाहिनीवर प्रथम दाखवला गेला. चित्रफितीतला डॉन ड्रेपर म्हणजे अभिनेता जॉन हॅम, आणि तो काम करतो ती स्टर्लिंग कूपर ही जाहिरात संस्था पूर्णपणे काल्पनिक आहे. कोडॅकच्या जाहिराती प्रत्यक्षात अनेक वर्षे जे. वॉल्टर थॉम्पसन ही संस्था करत असे. कॅरूसेल प्रोजेक्टर मात्र खरा होता. तो 1961 साली बाजारात आला, त्याच्या डोक्यावरच्या गोल ट्रेमध्ये 80 स्लाइड बसत आणि प्रत्येक स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली दिव्यासमोर उतरत असल्यामुळे ती सहसा अडकत नसे. त्याच्या नावाचे श्रेय मालिकेतल्या पात्राला देण्याचे काहीच कारण नाही. मालिकेने इतिहासाची नोंद ठेवण्याचा दावाही केलेला नाही: भागाच्या शेवटी वाजणारे बॉब डिलनचे गाणे 1963 सालचे आहे आणि कथा 1960 च्या नोव्हेंबरमध्ये घडते.

‘नॉस्टॅल्जिया’ची ती व्युत्पत्तीही चुकीची आहे. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना; जखमेचा त्यात कुठेही उल्लेख नाही. शिवाय हा शब्द प्राचीन ग्रीकांचा नव्हेच, तो योहानेस होफर या स्विस वैद्याने 1688 साली, घरापासून दूर राहणाऱ्यांच्या आजारपणासाठी, दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो, आणि त्यात वेदना गळून केवळ रंजन उरते. चित्रफीत पुढे पाठवणाऱ्यांचे नेमके हेच झाले आहे.

आता मुख्य मुद्दा. ही छायाचित्रे सुखी संसाराचा पुरावा म्हणून फिरवली जात आहेत, आणि ज्या भागातून ती उचलली आहेत तो संपूर्ण भाग तो संसार आतून कसा पोकळ झाला आहे हेच सांगतो. डॉन पत्नीशी एकनिष्ठ नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या भागापासून माहीत आहे. त्याचे नावसुद्धा त्याचे स्वतःचे नाही. ज्या सावत्र भावाला त्याने 5,000 डॉलर देऊन आपल्या आयुष्यातून दूर केले, त्याने आत्महत्या केल्याचे त्याला याच भागात कळते. सणासाठी पत्नीच्या माहेरी जाणे त्याने कामाचे कारण सांगून टाळले आहे. हे सगळे मनात दाबून तो कोडॅकच्या अधिकाऱ्यांना कुटुंबाच्या जिव्हाळ्याचे चित्र विकतो, आणि ते ऐकताना खोलीतून रडत बाहेर जाणारा हॅरी क्रेन हा सहकारी स्वतःच्या चुकीमुळे पत्नीने घराबाहेर काढलेला, कार्यालयात रात्री काढणारा माणूस आहे. तो का रडतो हे समजून न घेता हे दृश्य एखाद्या बाळंतिणीला पाठवणे मला अत्यंत निर्दय वाटते.

पडद्यावर हसणारी ती पत्नी, बेटी ड्रेपर, या भागात काय करते आहे तेही पाहावे. तिची शेजारीण फ्रॅन्सिन टेलिफोनचे बिल घेऊन येते. बिलात मॅनहॅटनच्या एकाच क्रमांकावर पुन्हा पुन्हा केलेले कॉल आहेत आणि नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत हे तिला त्या कागदावरून कळले आहे. ती गेल्यावर बेटी स्वतःच्या घरचे बिल उघडते, एक क्रमांक निवडून फिरवते, आणि पलीकडून आवाज येतो तो तिच्याच मानसोपचार तज्ज्ञाचा. पलंगावर पडून ती डॉक्टरांना जे सांगत होती, ते सगळे तिच्या पाठीमागे नवऱ्याला कळवले जात होते! त्यानंतरची तिची बैठक पाहण्यासारखी आहे: नवरा प्रतारणा करतो हे आपल्याला माहीत आहे असे ती शांतपणे डॉक्टरांसमोर बोलते, कारण घरात जे तोंडावर बोलता येत नाही ते आता याच वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचेल हे तिला ठाऊक आहे. मन मोकळे करायला तिला शेवटी कोण सापडते, तर मोटारीत आईची वाट पाहत बसलेला शेजारचा एक लहान मुलगा. घरी राहिल्यामुळे सुखी असलेली बाई म्हणून हिचे उदाहरण दिले जात आहे.

संसार टिकत होते, हा दावा तर थेट कायद्यासमोर ठेवून तपासता येतो. ड्रेपर कुटुंब राहते त्या न्यू यॉर्क राज्यात 1787 पासून 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण मान्य होते. 1966 साली कायदा बदलला आणि तो 1967 मध्ये अमलात आला. मारहाण, छळ, वर्षानुवर्षांचा अबोला यांपैकी कशानेही पूर्ण घटस्फोट मिळत नसे. त्यामुळे पती-पत्नी संगनमताने पुरावा उभा करत: हॉटेलची खोली, पैसे देऊन आणलेली एक बाई आणि दार उघडून आत येणारा छायाचित्रकार. ज्यांची ऐपत होती ते नेवाडा राज्यातील रीनो शहरी जात, कारण तेथे सहा आठवड्यांच्या वास्तव्यानंतर घटस्फोट मिळे. मालिकेच्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस बेटी हेच करते, तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन ती रीनोच्या विमानात बसते. त्या स्लाइडमधला संसार, म्हणजेच ज्याच्या नावाने हा उपदेश चालू आहे तो संसार, कथेतल्या तीन वर्षांत मोडलेला आहे. आणि इतके अडथळे असूनही 1960 या एका वर्षात अमेरिकेत सुमारे 3 लाख 93 हजार घटस्फोट झाले होते. दार बाहेरून बंद असल्यामुळे जे आत राहिले त्यांना सुखी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एका पगारात घर चाले, हे अर्धे खरे आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. युद्धानंतरच्या अमेरिकेत गोऱ्या मध्यमवर्गातील अनेक पुरुषांना एका मिळकतीवर उपनगरात घर घेता येत होते, यात वाद नाही. मात्र त्यामागे 1944 च्या कायद्याने माजी सैनिकांना मिळालेली गृहकर्जे आणि सरकारी हमी होती, पत्नीचे घरी असणे हे त्याचे कारण नव्हते. आणि याच योजनांतून कृष्णवर्णीय कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर वगळले गेले.

बाई घरी असे, हे तर तेव्हाही सरसकट खरे नव्हते. 1960 मध्ये अमेरिकेच्या कामकरी लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश स्त्रिया होत्या. ड्रेपरांच्या घरात काम करणारी कार्ला ही कृष्णवर्णीय बाई रोज स्वतःचे घर सोडूनच येत होती, पण तिला कोणी बाईंच्या हिशेबात धरत नाही. याच भागात पेगी ओल्सन ही सेक्रेटरी कनिष्ठ कॉपीरायटर होते, आणि त्याच दिवशी पोटात दुखते म्हणून रुग्णालयात गेल्यावर ती बाळंत होते. परिचारिका बाळ जवळ आणते तेव्हा ती मान फिरवते. हे दोन्ही पेलण्याची कोणतीही सोय तिच्या जगात नव्हती. समान वेतनाचा कायदा 1963 साली आला, आणि गरोदरपणामुळे नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा यायला 1978 उजाडले.

दृश्य उत्तम आहे, मी ते अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी माझा गळा दाटून आला आहे. फिरणारी चित्रफीत दिवे लागताच संपते. भागात त्यानंतर डॉन आगगाडीने घरी निघतो, पत्नी आणि मुले निघण्याच्या तयारीत आहेत, आपणही सोबत येतो असे तो म्हणतो आणि मुले धावत येऊन बिलगतात. पण ते त्याच्या कल्पनेत. प्रत्यक्षात तो दार उघडून हाक मारतो, घरात कोणी नाही, आणि तो जिन्याच्या पायरीवर एकटाच बसून राहतो. भाचीला मी हा शेवट पाठवला आहे. आतेसासूबाईंनाही तो तिने पाठवावा, असे मी तिला सांगितले आहे.