लाखाचं नाणं आणि "बिल कशाला पाव्हणं?"

कोल्हापुरातल्या नाणीवाल्या दोस्तांनो, आज जरा वाद घालायचाय. प्रदर्शनात हजार-पाचशेची शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) घेताना रोख द्या नाहीतर जीपे करा, माझं काय म्हणणं नाही. पण पन्नास हजार, लाख, त्याच्या पुढचं नाणं टेबलावर बसून रोखीत घ्यायचं आणि कागदाचा चिटोरा पण मागायचा नाही, हे आपल्याला बिलकुल पटत नाही.

शाहू स्मारकला नाहीतर कुठल्या कार्यालयात प्रदर्शन लागलं की हे ठरलेलं वाक्य कानावर येतंच, "रोख असंल तर पाच कमी करतो, बिल केलं तर जीएसटी लागंल, बिल कशाला पाव्हणं?" आणि आपला माणूस पाच हजार वाचले म्हणून खुश, पिशवीतनं बंडल काढतो, दोघं मिळून मोजतात, नाणं खिशात. त्या पाच हजारात आपण काय विकलं हे कुणी बघतच नाही.

१९३९ चा, इंग्रजांच्या राजाचा, सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. दुर्मिळ, म्हणून भाव मोठा. १९३८ चा मात्र भरपूर मिळतो. मग काही महाभाग काय करतात, १९३८ च्या आठाला कोरून नऊ करतात. आता हे नाणं घेऊन तुम्ही गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ पेठेत गेलात, चांदी तपासायच्या मशीनवर ठेवलं, तर चांदी बरोबर निघणार, वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरणार, कारण नाणं खरंच आहे की, फक्त शेवटचा आकडा खोटा! सराफ बिचारा काय सांगणार? भिंगाखाली त्या नऊच्या खालच्या बाजूला धातू खरवडल्यागत दिसतो का, आकड्याची जाडी बाकीच्यांसारखी आहे का, हे बघावं लागतं, आणि हॉलमधल्या ट्यूबलाईटखाली मागं चार माणसं उभी असताना ते प्रत्येकाला जमत नाही. घरी जाऊन निवांत बघितल्यावर शंका आली तर? रोख दिलेलं, बिल नाही. डीलर म्हणणार, हे माझ्याकडचं नव्हंच. झालं.

म्हणून बिलावर नुसतं "जुनं नाणं १ नग" नको. कुठल्या राजाचं, साल, टांकसाळ, वजन, नाण्याचा फोटो मोबाईलवर पाठवलेला आणि "खोटं निघाल्यास पैसे परत" हे शब्द. पैसे बँकेतनं गेले की कुणी कुणाला कधी दिले याची नोंद आपोआप राहते. पुढं विकताना हाच कागद कामाला येतो, आणि आपल्या मागं पोरांना ते नाणं आलं कुठनं हे तरी कळतं.

डीलरची बाजू पण खोटी नाही हं. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन पसार होणारी माणसं आहेत, त्यामुळं त्यानं स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये पैसे जमा दिसेपर्यंत नाणं हातात धरून ठेवलं तर तोंड वाकडं करू नका. यूपीआयनं माणसाला माणूस पैसे पाठवायची रोजची मर्यादा साधारण लाखाची, आणि नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिल्या दिवशी मोठी रक्कम सोडत नाहीत. त्यात हॉलमध्ये रेंज नसते. म्हणून मोठं नाणं मनात असेल तर डीलरचं खातं आदल्या दिवशीच जोडून ठेवायचं. नसेल जमलं तर थोडा इसार द्या, त्याची पावती घ्या, बाकीचे पैसे दुसऱ्या दिवशी. दोन लाखाच्या पुढं असेल तर आरटीजीएस, म्हणजे बँकेतनं बँकेत थेट मोठी रक्कम पाठवायची सोय आहे, २०२० च्या डिसेंबरपासून ते चोवीस तास चालतं, रविवारचं प्रदर्शन आहे ही सबब आता चालत नाही.

आणि रोखीचा लई हट्ट करणाऱ्या डीलरनं पण ऐकावं. २०१७ पासून एका माणसाकडनं एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो, देणाऱ्यावर नाही. एकाच व्यवहाराचे दोन दिवसात तुकडे करून पण सुटका नाही. 😀

"ओळखीचा माणूस आहे रे" हे उत्तर मला माहीत आहे. ओळखीचा असेल तर मग लिहून द्यायला त्याला जड का जावं? जे लिहून देतात त्यांच्याकडनं मी दोन पैसे जास्त देऊन घेतो. जो म्हणतो "साल-बिल काय लिहित नाही, शब्दावर घ्या", त्याचं नाणं भिंगातनं नीट बघतो, छान आहे म्हणतो आणि परत ट्रेमध्ये ठेवतो. त्याला राग येतो, येऊ दे.