परदेशी एम.ए.साठी वावर कसं विकावं

पोरगी बी.ए.ला राज्यशास्त्रात पहिली आली आणि आता आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं म्हणते? घाबरू नका. तिला काहीच विचारू नका. पानठेल्यावर विचारा. तिथं खर्रा घोटून होईपर्यंत करिअर ठरवून मिळतं.

दिल्लीच्या जेएनयूचं नाव निघालं तर कानावर हात ठेवा. तिथं पोरं बिघडतात. एस. जयशंकर तिथंच याच विषयात पीएच.डी. करून पुढं परराष्ट्रमंत्री झाले, म्हणजे बघा किती बिघडले. शिवाय वर्षाची शिकवणी फी तालुक्यातल्या क्लासच्या महिन्याच्या फीपेक्षा कमी. एवढ्या स्वस्तात शिकवलं तर सोयऱ्याधायऱ्यांत सांगायचं काय?

तिथल्या प्रवेशासाठी लागणाऱ्या सीयूईटी-पीजी परीक्षेचे फॉर्म हल्ली हिवाळ्यात निघतात. तुम्ही पऱ्हाटी उपटून झाल्यावर चौकशी करा.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात हा विषय १९५६ पासून आहे. असू द्या.

परदेशासाठी मात्र नागपूरच गाठा. परदेशी शिक्षणाच्या एजंटचं ऑफिस शोधा. काचेचं दार, एसी आणि 'मोफत मार्गदर्शन' अशी पाटी बघून आत शिरा. मागच्या आठवड्यात दादा, पुतणी आणि मी असेच शिरलो. टायवाल्या पोरानं कॉफी पाजली. पुतणीनं जिनिव्हाच्या ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटचं विचारलं. १९२७ पासूनची संस्था, पण साहेबांनी नावच ऐकलेलं नव्हतं. पॅरिसचं सियांस पो? "तिकडं स्कोप नाही, मॅडम." युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती? "ते कोणाला भेटत नाही." भेटली तर फी माफ, वर महिन्याला १४०० युरो, पण याला त्यातून छदामही सुटत नाही ना! जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी जवळपास नसतेच, म्हणून जर्मनीचं नावही त्यानं घेतलं नाही. पुढं केली ती इंग्लंडातली तीन विद्यापीठं. एक वर्षाचा कोर्स, सगळं मिळून तीस लाख. "मग दोन वर्षं तिथंच जॉब शोधायचा, काका." अरे, १ जानेवारी २०२७ पासून शिकून झाल्यावर तिथं राहण्याच्या व्हिसाला अर्ज करणाऱ्या एम.ए.वाल्यांना दीडच वर्ष मिळणार आहे! ठाऊक नव्हतं, की सांगायचं नव्हतं? त्यावर कडी म्हणजे, "आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवेतली अधिकारी व्हायचं ना? मग फॉरेन डिग्री मस्ट." आयएफएस यूपीएससीच्या परीक्षेतून होतात रे बाबा, मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते!

पैशाचं काय विचारलं, तर म्हणे, "वावर असेलच ना?" बँक शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बहुधा तारण घेत नाही. म्हणजे विकाच.

आणि घरी आलात की पोरीला विचारा, "हे शिकून काय भेटते? आपला काय संबंध त्या परदेशाशी?"

काय संबंध? बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं गिऱ्हाईक तुटलं, हा संबंध. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आणि दिवाळीत तुम्ही जिनिंगच्या फाटकासमोर उभे राहून दलालाला शिव्या देत होता, हा संबंध. भाव का पडतो हे जिला शिकायचं आहे, ती तुमच्याच घरात पोळ्या लाटते आहे, आणि तुम्ही तिलाच अडाणी समजता.

बैलजोडी घेताना दात मोजता, चार बाजार फिरता. अन् इथं टायवाल्या पोराच्या एका शब्दावर तीन एकर विकायला निघता? लाज वाटली पाहिजे. "या कॉलेजकडून तुला किती भेटतात?" एवढंच विचारायचं होतं. तो गप्प बसला असता, तर उठून यायचं होतं. दादा उठला नाही. मोफत मार्गदर्शनाचे पंचवीस हजार रजिस्ट्रेशन म्हणून भरून आला.

दादा, वाचत असशील तर सोमवारी पावती घेऊन चल. पोरीलाही आण, आणि बोलू तिला दे.