खरं गाव घातलं की जादू मरते म्हणे!

नव्या लेखकांसाठीचा एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. अद्भुतकथा लिहायची तर जग सगळं नवं उभं करा. खरं गाव घातलंत की जादू मरते, वाचक चुका काढत बसतो, आणि गाव सीमाभागातलं असेल तर राजकारण पाठ सोडत नाही. शिवाय कल्पित जगाला अभ्यास लागत नाही. बेळगाव-खानापूर पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यातला एकही दावा धड पटू नये.

जादू मरते, हा पहिला. 'कथासरित्सागरा'त वेताळाला खांद्यावर घेऊन चालणारा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'तली तिलिस्मं, म्हणजे जादूनं बांधलेली भुलभुलैयाची ठिकाणं, चुनार, नौगढ, विजयगढ या नकाशावर सापडणाऱ्या मुलखातली. त्यानं त्या गोष्टींचं काही बिघडलेलं दिसत नाही. मुलूख ओळखीचा असला की प्रेत बोलायला लागल्यावर जास्तच दचकायला होतं.

आणि आपला मुलूख काय कमी आहे? खानापूर तालुक्यात देगावजवळ उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पाठ फिरवून पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. एका तालुक्यातून दोन समुद्र! भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहेत मोठ्या कानांचं एक वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रात त्याची नोंद झाली आणि पुढं कित्येक दशकं ते जगात फक्त याच गुहेत आहे असं मानलं जायचं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. हे कुणी कल्पित जगात लिहिलं असतं तर 'जरा अतीच झालं' म्हणालो असतो.

चुका काढतात, हे मात्र खरं. काढू देत की. बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की सगळी वाहनं अडतात. तुमचा राक्षसही तिथं अडला पाहिजे. नसेल अडत, तर का नाही ते सांगा. ते सांगता सांगताच त्याच्या शक्तीचे नियम ठरतात. खरं गाव लेखकाला असं अडवतं, आणि गोष्टीला ते अडवणं हवंच असतं. मनातल्या राज्यात गेट पडतच नाही, म्हणून तिथला नायक तिसऱ्या प्रकरणापर्यंत कंटाळवाणा होतो.

अभ्यासाचं तर बोलूच नका. कल्पित राज्यातही मीठ कुठून येतं, पाऊस कुठं पडतो, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. इथं ते आयतं मिळतं: एकाच जिल्ह्यात खानापूर चिंब भिजतंय आणि अथणी आभाळाकडं बघत बसलंय.

राहिलं राजकारण. हा दावा करणारे बहुधा लांब राहणारे असावेत. १९५६ पासून आपण महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात आहोत, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. गावाचं नाव बदलून लिहिलंत तरी इथला वाचक दोन ओळींत ओळखतो आणि वर 'घाबरला' म्हणतो. त्यापेक्षा घरात 'बेळगाव' आणि बसच्या पाटीवर 'बेळगावी' हे जसं आहे तसं येऊ द्या. त्यात गोष्टीचाच फायदा आहे. समजा, भूत फक्त कन्नड जाणणारं आणि उतरवायला आलेला देवऋषी चंदगडचा, मराठीशिवाय काही न येणारा. मग मध्ये बसणार घरातली सून, जिचं माहेर गोकाकचं, म्हणून दोन्ही भाषा येणारी. सत्ता कुणाकडं आली बघा! आणि अद्भुताला सीमा अडवते कुठं? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरकडच्या गाड्या येतात, बाजूला कन्नड भाविक उभे असतात, आणि 'उदो' दोघांचाही एकच.

नवं जग लागतं कधी? जी. ए. कुलकर्णी जन्मानं बेळगावचे, नोकरी धारवाडला. त्यांच्या पुष्कळ कथांतली गावं, माणसं, कानडी वळणाची नावं इकडची म्हणून ओळखू येतात. 'रमलखुणा'तल्या 'इस्किलार'ला मात्र आपल्या नकाशावर जागा नाही, कारण तिथं माणूस आणि त्याची नियती यांच्यामध्ये तिसरं काही नकोच होतं. तशी गोष्ट सुचली असेल तर खुशाल नवी भूमी उभारा. पण दुष्ट मांत्रिक, हरवलेला मुकुट आणि तीन राजपुत्र एवढंच हाताशी असेल, तर आधी कणकुंबीची बस पकडा.