माया लोक गायब वगैरे काही झालेले नाहीत

मध्य अमेरिकेतली ती प्राचीन "माया संस्कृती एका रात्रीत गायब झाली, कुठे गेली कोणालाच माहीत नाही" वालं फॉरवर्ड परत फिरतंय, वर मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा या जुन्या माया शहरातल्या पिरॅमिडचा फोटो. तर, नाही हो. नवव्या शतकाच्या आसपास तिकाल, पालेंके अशी माया प्रदेशाच्या दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली हे खरंय, पण तेही हळूहळू, पिढ्यानपिढ्या, दुष्काळ, आपसातल्या लढाया, राजांवरचा उडालेला विश्वास अशी बरीच कारणं सांगतात. गंमत म्हणजे फोटोतलं चिचेन इत्सा त्यानंतरच जोरात होतं! तुलुम या समुद्रकाठच्या माया शहरात तर स्पॅनिश जहाजं आली तेव्हाही माणसं राहत होती, आणि शेवटचं माया राज्य पडलं थेट 1697 मध्ये, म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराजांचा काळ.

आणि आज? मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ मिळून लाखो माया लोक आहेत, जवळपास 30 माया भाषा बोलल्या जातात. मेक्सिकोतल्या कानकूनच्या बीच रिसॉर्टमध्ये तुमची खोली आवरणारी बाई घरी युकातेक माया बोलत असेल, एवढं साधं आहे हे. कानकून स्वतःच 1970 च्या दशकात वसवलेलं, तिथे जुनं फारसं काय दिसणार. त्यापेक्षा चिचेन इत्साजवळच्या वायादोलिद या गावी मुक्काम करा, बाजारात आंबट संत्र्याच्या रसात मुरवून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं डुकराचं मटण खा (खात असाल तर), सकाळी लवकर चिचेन इत्सा गाठा. फोटोतल्या पिरॅमिडवर मात्र चढायला मिळणार नाही, ते बंद होऊन बरीच वर्षं झाली.