आणखी काही?

आज उपासनेहून आले ती धुमसतच आले. चहा केला, तो गार झाला, तसाच ठेवून हे लिहितेय. मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव लिहिणार नाही, माणसांचं तर नाहीच.

आज आमच्याकडे हंगामाचा सण होता, पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायचा. पुढे टेबलावर भोपळे, ऊस, अंडी, पाय बांधलेला एक कोंबडा, कुणीतरी मॉलमधून आणलेला पाच किलो बासमती. आधी साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं, मग या वस्तूंचा लिलाव. पहिला भाऊ उठला. मुलाला कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळाला. टाळ्या. मग एका बहिणीचा टू बीएचके, लोन पास झालं. टाळ्या, हालेलुया. तिसऱ्याची गाडी, नंबरसुद्धा मनासारखा. (नंबराचेही आभार मानले. असो.) मग मागच्या बाकावरून एक मावशी उठल्या. ऐंशीच्या तरी असतील. म्हणाल्या, "मंडळीला सलाम. देवाने मला माफ केलंय. मला ते ठाऊक आहे. आमेन." आणि बसायला लागल्या.

माइक धरून उभे होते ते गृहस्थ म्हणाले, "आणखी काही?"

अहो, दोनदा विचारलं. मावशी गोंधळल्या, "नाही, एवढंच," म्हणाल्या, आणि माइक पुढच्या बाकावर गेला. टाळी एकसुद्धा नाही.

आणखी काही? देवाचं घर आहे की वाण्याचं दुकान? "साखर झाली, तेल झालं, आणखी काही ताई?"

मला माझी आजी आठवली. 1972 साल, मी आठ वर्षांची. आमचं गाव शेवगाव तालुक्यात. नगरकडच्यांना त्या सालाबद्दल वेगळं सांगायला नको. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, थापतानाच तुटायच्या. शाळेत सुकडी. त्या वर्षी हंगामच नव्हता, तरी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हंगामाचा सण धरला. साक्षीची वेळ आली. कोण काय सांगणार? सगळे खाली बघत बसलेले. आजी उठली. खडीने हात फुटलेले, चिंध्या बांधलेल्या. म्हणाली, "मंडळीला सलाम. जावेचं ऋण मी सोडलं. सोडायचं बळ बापाने दिलं." आणि बसली.

तिला कुणी "आणखी काही" विचारलं नाही.

कारण ते ऋण काय होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या अकरा वर्षं आधी आजीचा दोन वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा काका, रात्री हगवणीने फिका पडला. दवाखाना लांब. बैलगाडी जावेच्या घरी. आजी अनवाणी पळत गेली. आतून उत्तर आलं, "बैल दमलेत, सकाळी बघू." सकाळी गाडीची गरज उरली नव्हती.

अकरा वर्षं दोघी एका भिंतीला भिंत लावून राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. देवळात प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आजी पुढच्या रांगेत, जाऊ शेवटच्या.

आपल्या मराठीत प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' शब्द आहे हे किती चांगलं झालं. आम्ही ऋण्यांस सोडलं तशी आमची ऋणं सोड. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवलेल्या बाईला ऋण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कर्जमाफीची यादी लागली की अख्खा तालुका बँकेपुढे उभा राहतो. आणि इथे एक म्हातारी बाई उठून सांगते की माझं खातं कोरं झालं, तर आपण म्हणतो, आणखी काही?

बरं, मान्य. त्याच प्रार्थनेत रोजची भाकर आधी आहे आणि ऋण नंतर. पोट कुणाला चुकलंय. पीआरही देवच देतो, आभार मानायलाच हवेत. पण फक्त त्याचेच?

बायबलमधलं प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र काढून वाचा. पहिला अध्याय, तीन ते चौदा वचनं. मूळ ग्रीकमध्ये हे सगळं एकच वाक्य आहे म्हणे, माणूस श्वास न घेता बोलत सुटलाय. प्रत्येक आत्मिक आशीर्वाद मिळाला म्हणतो आणि मोजतो काय? निवडलं, दत्तक घेतलं, अपराधांची क्षमा केली, वतन दिलं, पवित्र आत्मा हा त्या वतनाचा विसार. घर नाही, गाडी नाही. आणि लिहितोय कुठून? बेड्यांतून. पुढे त्याच पत्रात स्वतःला बंदिवान म्हणवतो. हा उद्या आपल्या मंडळीत साक्षीला उभा राहिला तर त्यालाही माइकवाले विचारतील.

आणि हे शब्द आमच्यासाठी पोथीतले नव्हते हो. विसार बैलबाजारात देतात. दत्तक वाड्यात घेतात, गावकुसाबाहेरच्या पोराला कोण घेतंय? आमच्या पणजोबांना वतन म्हणजे एकच माहीत, महारकी. हाक आली की धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं. कायद्याने ते वतन गेलं 1958 च्या. त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं की तुझंही एक वतन आहे, आणि ते चाकरीचं नाही, लेकराचं आहे. देवाला 'बापा' म्हणायचं. ज्याची सावली चालत नव्हती, तो बापा म्हणायला लागला. याची किंमत कुठल्या लिलावात करणार?

आता खरा राग कशाचा ते लिहून टाकते. आयुष्यभर ऐकलंय, "तुम्ही गव्हासाठी बाटलात." शाळेत ऐकलं, स्टाफरूममध्ये ऐकलं. 1876-78 च्या दुष्काळाच्या आगेमागे आमची पुष्कळ घराणी ख्रिस्ती झाली, मिशनने जेवू घातलं, हे खरं आहे, लपवत नाही. पण गव्हाचाच हिशेब करायचा तर पुरा करा. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशापासून दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शिखांना 1956 मध्ये मिळाल्या, बौद्धांना 1990 मध्ये, आम्हाला आजही नाहीत. तरी लोक टिकून राहिले. गव्हासाठी? अरे, गहू कधीच संपला!

पण आपण आपल्याच देवळात उभे राहून फक्त फ्लॅट आणि पीआर मोजायला लागलो, तर त्या स्टाफरूमवाल्यांचं काय चुकलं? पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी. त्याही स्थितीत बाईंनी केडगावात सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर पुरं करून 1922 मध्ये डोळे मिटले. त्यांच्याकडे टाळ्यांजोगं काय होतं सांगा.

जाऊ दे. फार चढला आवाज. त्या कॅनडावाल्या मुलाच्या आईने किती रात्री गुडघ्यांवर काढल्या असतील मला काय ठाऊक. आणि एक गोष्ट अजून लिहिलीच नाही. त्या पीआरला मीही टाळ्या वाजवल्या. मावशी बोलल्या तेव्हा माझ्या तोंडून साधं आमेन निघालं नाही. मी घड्याळ बघत होते, लिलाव लांबेल म्हणून.

आजीला मी मोठेपणी विचारलं होतं, "कसं गं जमलं तुला?" ती चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कुठं जमलं? मला दिलं ते."

त्या सणाला आजीने ओंजळभर मिलो आणली होती, जुन्या धडप्यात बांधून. लिलावात पुकारली तेव्हा शेवटच्या रांगेतून आवाज आला, "आठ आणे." जाऊ. तोंडात पदराचा बोळा. पुढे कुणीच बोली वाढवली नाही. दुष्काळात आठ आणे काही कमी नव्हते. पुढे येऊन तिने पुरचुंडी उचलली. दोघी एकमेकींकडे बघितल्याचं मला आठवत नाही. पण संध्याकाळी तिच्या घरून आमच्याकडे कोरड्यास आलं, आणि आजीने ते वाढून घेतलं.

आज लिलाव संपल्यावर मी मावशींना शोधलं. आमच्याकडे चपला बाहेर काढतात. त्या ढिगात आपली चप्पल पायाने चाचपत होत्या. मी शोधून दिली. म्हटलं, "सलाम मावशी. मघाशी आमेन म्हणायचं राहिलं."

म्हणाल्या, "मग आता म्हण की गं."

म्हटलं. तिथेच, चपलांत उभी राहून.