थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही म्हणे!

पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उन्हाळा आला की एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: 'गाडी उभ्या उभ्या तापते? थर्मोस्टॅट काढून फेका, तो थंड देशांसाठी असतो. फॅन डायरेक्ट करा. कूलंट म्हणजे कंपन्यांची लूट, साधं पाणी भरा. गाडी आयुष्यभर तापणार नाही.' (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या पुढच्या जाळीकडे, जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बोलीत 'वॉल'. कूलंट म्हणजे त्या पाण्यात मिसळायचं रसायन.) मार्केट यार्डाच्या गेटवर कांद्याच्या गोण्या भरून, इंजिन चालू ठेवून तासभर रांगेत थांबणाऱ्याला हे पटतं, कारण यात खर्च नाही.

पण मेसेज लिहिणाऱ्याने लक्षणाकडे नीट पाहिलेलंच नाही. हायवेला तापमानाचा काटा मधोमध राहतो आणि रांगेत उभं राहिलं की चढतो, याचा अर्थ काय? गाडी धावते तेव्हा वारा आपसूक रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीला वारा देणारा एकटा फॅन. म्हणजे पहिला संशय हवेवर. थर्मोस्टॅटचा वॉल बंद अवस्थेत अडकला असता तर धावत्या गाडीचाही काटा थोड्याच वेळात लाल पट्ट्यात गेला असता.

आता 'थंड देशांसाठी' हा मुद्दा. या वॉलमध्ये मेण असतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की ते वितळून फुगतं आणि वॉल उघडतो. चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांचा धरला तरी तो ८२च्या खूपच खाली. इंजिनाला आपलं तापमान तिथेही गाठावंच लागतं. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, थोडं ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते, ॲव्हरेज पडतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर इसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिन थंडच आहे असं समजून वागतो, चेक लाइट पेटू शकतो आणि सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला अडथळा येतो.

त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. बऱ्याच इंजिनांत वॉलच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती बायपासची वाट बंद करते. वॉलच काढला तर ही वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परततो. गाडी तापू नये म्हणून केलेल्या जुगाडाने ती जास्त तापू शकते. (वॉल काढू नका म्हणणारेही एक थाप मारतात, की पाणी इतकं जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. तसं काही नसतं.) शंका असेल तर वॉल पातेल्यात टाकून गॅसवर ठेवा. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याला उघडायला लागून उकळी फुटेपर्यंत पूर्ण उघडला, तर बिचारा निर्दोष आहे.

'फॅन डायरेक्ट करा' यात अर्धं तथ्य आहे. इलेक्ट्रिक फॅन थेट बॅटरीवर जोडून तापणं थांबलं, तर दोष रिले, सेन्सर, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये आहे हे कळलं. घरापर्यंत जायला ठीक. तसाच कायम ठेवला तर मोटर लवकर जाते. बेल्टवरच्या फॅनचा क्लच, म्हणजे गरज असेल तेव्हाच फॅनला जोर देणारा भाग, बोल्ट मारून जाम करणारेही आहेत. तो फॅन मग हायवेलाही विनाकारण ताकद आणि डिझेल खातो.

खरी तपासणी करायला हत्यारंसुद्धा फारशी लागत नाहीत. इंजिन थंड आणि बंद असताना बेल्टवरचा फॅन हाताने फिरवा. हलकासा अडखळायला हवा. भिंगरीसारखा गरगरत राहिला किंवा क्लचभोवती तेलकट डाग दिसले, तर क्लच गेला. इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी लावा, तो सुरू व्हायला हवा. मग पुढच्या जाळीवर कागद धरा. आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट्या लागल्यात आणि फॅन उलटा फिरतोय. धावताना हे सहसा कळतही नाही. फॅनभोवतीचा प्लास्टिकचा घेर जागेवर आहे ना तेही बघा, ठोकाठोकीच्या कामानंतर तो बसवायचा राहून जातो. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत कांद्याची टरफलं, किडे, चिखल यांचा थर बसलेला असतो. तो समोरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे असं हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर पात्या मुडपतात. आणि हौसेने पुढे लावलेली जाड जाळी, फ्लेक्स वगैरे आधी उतरवा!

साधं पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा खरोखर सरस आहे, हे मान्य. पण बोअरच्या पाण्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, गंज वॉटर पंपाची पाती खातो, आणि उकळण्याचा बिंदूही खाली राहतो. इथे रेडिएटरचं झाकण महत्त्वाचं, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. कुकरच्या शिट्टीसारखं ते दाब धरतं, साधारण ०.९ ते १.१ बार. त्या दाबाखाली पाणी १२०च्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असेल तर १२५च्याही पुढे. झाकणाचं रबर फाटलं की पाणी १०० अंशांतच उकळणार, महाबळेश्वरच्या उंचीवर तर त्याच्याही चार-पाच अंश आधी. म्हणूनच तापल्या गाडीचं झाकण उघडू नये: दाब सुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

हवा, फॅन, झाकण, पाण्याची पातळी सगळं ठीक असूनही काटा चढत असेल, तर थंड इंजिन चालू करून कूलंटच्या बाटलीत बघा. बुडबुडे थांबतच नसतील आणि थंड असतानाच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, उडाल्याची शक्यता मोठी. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून गॅरेजला न्या. हेड वाकलेलं नसेल तर काम गॅसकेटवर भागतं.